सह्याद्रीत नाइट ट्रेकसाठी टिकाऊ हेडटॉर्च कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की तुमचे नाइट ट्रेक बारा महिने चालू असतात, ऑनलाइन घेतलेले दोन स्वस्तातले हेडटॉर्च एकेका पावसाळ्यात गेले, आणि आता थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील पण टिकला पाहिजे. मग सगळ्यात आधी ते लुमेनचे, म्हणजे उजेड किती ते सांगणारे, आकडे बघणं सोडा. एलईडी सहसा मरतच नाही हो, मरतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं, म्हणजे बिजागरी, मागच्या बॅटरीच्या डब्यापर्यंत जाणारी वायर, चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण आणि बटण.

म्हणून शक्यतो दुकानात जाऊन हातात घेऊनच बघा. डोक्याला लावा, दिवा वर-खाली दहा-बारा वेळा वाकवा, प्रत्येक खाचेत कट्ट करून बसला पाहिजे, आणि मग जरा डोकं हलवा, दोन उड्या मारा (दुकानदार बघत राहील, बघू दे). तेवढ्यात दिवा मान टाकत असेल तर तो कळसूबाईच्या शिड्यांवर तुमच्या पायाऐवजी तुमच्या पोटावर उजेड पाडणार हे नक्की, जिथे दिला तिथेच परत ठेवा. मागे बॅटरीचा डबा आणि पुढे दिवा असं असेल तर वायर दोन्ही टोकांना जिथे आत शिरते तिथे जाड रबर आहे का बघा, कारण सॅकमध्ये कोंबून कोंबून ती तिथेच तुटते, आणि तुटली की आधी नुसती लुकलुकते त्यामुळे आपल्याला वाटतं सेलच गेले.

माझ्या मते सगळ्यात दणकट प्रकार म्हणजे अॅल्युमिनियमची आडवी नळी, तिच्या बाजूला दिवा, आणि पूर्ण नळी रबराच्या कड्यात अडकवलेली. त्यात वायर नाही, बिजागरी नाही, कोन बदलायचा तर नळीच फिरवायची. फेनिक्स कंपनीकडे अशी मॉडेल्स आहेत, इतरांकडेही आहेत. थोडा जड लागतो कपाळावर पण सवय होते.

आता पाणी. खोक्यावर आयपीएक्स४ (पाणी किती सोसेल त्याचा दर्जा) लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की चहूबाजूंनी उडणारं पाणी चालेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणीच नाही, आयपी६७ असेल तर धूळपण आली त्यात. आपल्याकडच्या जुलैतल्या पावसाला ४ वाला कोरा असताना टिकतो, पुढे रबर सैल पडलं की आत घाम धरतो, त्यामुळे बारमाही वापर असेल तर ७ च घ्या. आणि चार्जिंगचं झाकण हा सगळ्यात कच्चा दुवा, ओल्या हाताने ते उघडायचंच नाही.

बॅटरीचं म्हणाल तर आत सील केलेली बॅटरी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-चार वर्षांत ती थकते आणि बाकी दिवा ठणठणीत असून फेकावा लागतो. निघणारी बॅटरी हवी. एकतर रिमोटचे तीन सेल घालायचे (पेट्झल कंपनीच्या टिक्का मॉडेलसारख्यात सेल किंवा त्यांची रिचार्जेबल बॅटरी दोन्ही बसतं, हे फार सोयीचं), नाहीतर १८६५० वाला, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब तो लिथियम सेल. हा सेल घेताना फक्त एक बघा, त्यावर ९८०० एमएएच (म्हणजे बॅटरीची क्षमता) वगैरे छापलेलं असेल तर ती सरळ थाप आहे, चांगल्या कंपनीचा ३००० ते ३५०० चा असतो. रिमोटचे सेल वापरणार असाल तर साधे अल्कलाइन ट्रेकवरून आल्यावर काढून ठेवा, आत राहिले की गळतात आणि पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखं होतं. झालंच तसं तर सेल काढून कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसायचं, पूर्ण वाळवायचं, बरेचदा दिवा परत जिवंत होतो. त्यापेक्षा रिचार्जेबल निकेलवाले घ्या, ते गळायचा प्रश्न जवळपास नसतो.

"४०० लुमेन, १०० तास" हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाही बरं का, ४०० सगळ्यात मोठ्या उजेडाचे आणि १०० तास सगळ्यात बारीक उजेडाचे. त्यातही ज्या एएनएसआयच्या (अमेरिकेतली मानकं ठरवणारी संस्था) नियमाने हे तास मोजतात त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. चालायला १०० ते १५० लुमेन रग्गड झाले, वाट हरवली तर शोधायला ३०० पर्यंत असावेत, त्याच्या वर नुसता दिवा तापतो आणि स्वतःच उजेड कमी करतो.

धुक्यात मात्र कितीही भारी हेडटॉर्च घ्या, कपाळावरून मारलेला उजेड धुक्यावर आपटून थेट डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. तेव्हा तो डोक्यावरून काढून हातात कमरेच्या खाली धरायचा आणि उजेड कमी करायचा, लगेच दगड दिसायला लागतात. म्हणून पट्टा पटकन निघणारा हवा.

लाल दिवा असलेला मिळाला तर उत्तमच, तंबूत दुसऱ्याची झोपमोड होत नाही. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाल तेव्हा तोही खाली, जमिनीकडे करून लावा, पांढरा तर अजिबात नको, काजवे त्याने गोंधळतात आणि चमकायचे थांबतात.

बटणाला लॉक आहे का तेपण विचारा, नाहीतर सॅकमध्ये दाबला जाऊन घरून निघतानाच बॅटरी उतरते. नसेल तर १८६५० वाल्यात मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवा, बहुतेकात तेवढ्याने करंट तुटतो.