वय वाढलं की आहार कमी करावा, मग प्रथिनंही कमीच लागतात का?

नाही, उलट आहे. साठीनंतर स्नायू घटतात, हालचाल मंदावते, त्यामुळे उष्मांक कमी लागतात हे खरं. पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. तरुण प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम पुरतात. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण तेवढ्याच प्रथिनांतून म्हातारपणी स्नायू कमी बांधले जातात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ते एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा दिवसभरात वाटून घेतलेले बरे. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब लागू नाही, डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

थोडक्यात, ताटातलं अन्न कमी झालं तरी त्याचा कस वाढायला हवा. घरोघरी नेमकं उलटं होतं: चावायला त्रास म्हणून आजी-आजोबा चहा-बिस्किटावर दिवस काढतात आणि आपण म्हणतो, ‘वयच झालंय, भूक कुठून लागणार!’

ब-१२ कडेही लक्ष द्या. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं ब-१२ नीट सुटं होत नाही, मग खाऊनही कमतरता राहते; रक्ततपासणीत ते कळतं. उन्हातून त्वचेत तयार होणारं ड जीवनसत्त्वही वयानुसार घटतं. लोहाचं मात्र वेगळं, पाळी थांबल्यावर बाईची गरज कमी होऊन पुरुषाइतकी होते.

आणि पाणी. तहानच कमी लागते, त्यामुळे मागायची वाट न बघता समोर आणून ठेवा.