हजार लिटरची टाकी, मावलं निम्मंच

प्रश्न : जालन्यात आमचं पत्राकामाचं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाला चेंडूसारखी गोल, १,००० लिटरची टाकी हवी होती. मुलाच्या दहावीच्या पुस्तकातलं गोलाच्या घनफळाचं सूत्र उलटं फिरवलं, त्रिज्या ४८.९ सेंमी आली. तेवढी टाकी केली. पाण्याचे २० लिटरचे २४ जार ओतले आणि पंचविसाव्याला पाणी बाहेर. चुकलं कुठे?

उत्तर : अगदी शेवटच्या बटणावर. घनफळ = ४/३ × पाय × त्रिज्येचा घन. म्हणून घनफळाची तिप्पट करून तिला ४ × पाय, म्हणजे १२.५६६ ने भागायचं. १,००० लिटर म्हणजे १ घनमीटर. भागाकार येतो ०.२३८७. हा त्रिज्येचा घन, तेव्हा घनमूळ हवं. तुम्ही √ दाबलंत आणि वर्गमूळ घेतलंत, ०.४८८६. हाच हिशेब सेंटिमीटरमध्ये केला असता, तर त्रिज्या पावणेपाच मीटरच्या वर गेली असती आणि पत्रा कापण्याआधीच चूक दिसली असती. मीटरमुळे ती झाकली गेली.

साध्या कॅल्क्युलेटरवर घनमुळाचं बटण नसतं. अंदाजानं आकडा घ्या आणि तो तीनदा मांडून गुणा. ०.६ चा घन ०.२१६, कमी पडतो. ०.६३ चा ०.२५००, जास्त होतो. ०.६२ चा ०.२३८३, जवळजवळ बसला. बारकाईनं ६२.०४ सेंमी, म्हणजे व्यास १२४.१ सेंमी. पाय ३.१४१६ घ्या की २२/७, इथे त्रिज्येत दशांश मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

वर्कशॉपमध्ये थेट व्यासच काढलेला बरा : घनमीटरमधल्या घनफळाला १.९१ ने गुणा आणि घनमूळ घ्या. पडताळाही सोपा आहे. व्यासाएवढ्या बाजूचा चौकोनी डबा धरा. गोलात त्याच्या ५२.४ टक्केच मावतं.

हे माप आतलं आहे. ३ मिमी पत्रा असेल तर बाहेरचा व्यास ६ मिमी वाढेल. वर थोडी जागा रिकामी ठेवायची असेल तर हिशेब १,०५० लिटरचा करा, आतला व्यास १२६.१ येतो. गोल वळवताना मात्र हात सांभाळा : या मापाला त्रिज्येत १ सेंमी इकडेतिकडे झालं की सुमारे ४९ लिटरचा फरक पडतो.

झालेल्या टाकीला जोड देऊन भागणार नाही, वक्रताच वेगळी आहे. ती ४९० लिटरची म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या.