नुसतं बोलायचे आठशे रुपये?

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत ताईंनी मला विचारलं, "मॅडम, नुसतं बोलायचे आठशे रुपये?" हा प्रश्न मला सतत येतो. घर चालवणाऱ्या बाईने तो विचारायलाच हवा.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ताईंचे यजमान पुण्याजवळ भोसरीतल्या कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर. रात्रपाळीत अचानक छातीत धडधड, दरदरून घाम, हातपाय गार, 'आता मी संपलो' ही भीती. ताईंच्या कापडी पिशवीत हृदयाचे चार ईसीजी आणि टूडी इको, पोटाची एंडोस्कोपी. सगळं नॉर्मल. पहिला ईसीजी हवाच होता. छातीत दुखलं तर आधी डॉक्टरच गाठावा. पण पुढचे तीन?

पिशवीत घरखर्चाची वहीही होती. आम्ही दोघींनी आठ महिन्यांची बेरीज केली: तपासण्या, रिक्षाभाडं, बिनपगारी खाडे, बुडालेला ओव्हरटाइम. ४६,३०० रुपये. ताई बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लेकीचा क्लास बंद केला, ते यात नाही."

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या उपचारांवर घातलेल्या एका डॉलरमागे चार डॉलर परत येतात असं दिसलं. हे आकडे मी अनेकदा वाचले होते, पण मला ते खरे कळले त्या वहीत.

यजमानांना पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके, येत होते. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी आणि माझ्याकडे नऊ बैठकी; बैठकींचे ७,२०० रुपये. धडधड सुरू झाली की पळ न काढता मशीनजवळ थांबायचं, हे शिकायलाच पाच बैठकी गेल्या. ज्यांना एवढा खर्चही झेपत नाही त्यांना मी आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर देते. शिवाय २०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. घरातली पॉलिसी उघडून वाचा.

मला खटकतं ते वेगळंच. तयार ऑपरेटर घरी बसला की मालकाचंही नुकसान होतं, पण खर्च मात्र एकट्या घराने सोसायचा! शेवटच्या बैठकीनंतर यजमानांनी मालकांशी माझं बोलणं करून दिलं. रात्रपाळीच्या इतर मुलांशी बोलाल का, असं मालकांनी विचारलं. मी म्हटलं, जरूर, पण पाळीच्या वेळेत, पगारी. ते तयार झाले.