बोलणारं पोर्ट्रेट घाबरवत का नाही

तू विचारलंस की तुझ्या हॉरर गेममध्ये हवेलीच्या जिन्यावर म्हातारीचं पोर्ट्रेट लावलंय, स्क्रिप्टने (म्हणजे छोट्या कोडने) तिचे डोळे प्लेअरच्या मागे फिरतात, ओठ हलतात, आवाजही चांगला रेकॉर्ड झालाय, तरी टेस्ट करणारे हसतात. क्लिप दोनदा बघितली. चित्र सुंदर आहे, त्याला हात लावू नकोस.

आधी ती डोळे फिरवायची स्क्रिप्ट काढून टाक. चित्रातला माणूस सरळ समोर बघत असेल तर कुठूनही बघ, तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, कारण चित्र सपाट असतं आणि आपण बाजूला सरकलो तरी बुबुळ होतं तिथेच दिसतं. गेममध्येही सपाट पृष्ठभागावर चित्र (टेक्स्चर) लावलं की हे फुकटात मिळतं, तू वरून बुबुळं फिरवलीस म्हणून ती बाहुली वाटायला लागली. उलट कर, प्लेअर आत आल्यापासून तिला टक लावून बघू दे आणि बोलायच्या आधी नजर जिन्याखालच्या दाराकडे गेलेली असू दे. फ्रेममध्ये खोलपणा हवाच असेल तर चेहरा आत खोलगट कर, डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या राइडमध्ये 1969 पासून बघणारे पुतळे असेच आहेत, बाहेर आलेले वाटतात आणि चालताना आपल्याकडे वळतात.

नजर बदलताना मात्र दिसता कामा नये. 2016 च्या लेयर्स ऑफ फिअर या हॉरर गेममध्ये पाठ फिरली की खोली बदलते, भीती तिथेच आहे. युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आहेस म्हणून सांगतो, वस्तू दिसतेय की नाही हे सांगणाऱ्या रेंडररच्या व्हिजिबल फ्लॅगवर विसंबू नकोस, नुसती सावली काढायची असली तरी तो 'दिसतेय' असंच सांगतो आणि एडिटरमधला सीन व्ह्यूचा कॅमेराही त्यात धरला जातो, मग चित्र कधी बदलतच नाही आणि आपण तासन्‌तास बग शोधत बसतो (माझे दोन दिवस गेलेत यात). कॅमेऱ्याची पुढची दिशा आणि कॅमेऱ्यापासून फ्रेमकडे जाणारी दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट घे (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा), निगेटिव्ह आला की फ्रेम नक्की पाठीमागे, तेव्हा बदल.

ओठ हलवूच नकोस. आवाज थ्रीडी करून, म्हणजे त्या जागेवरून आल्यासारखा, फ्रेममधून येऊ दे आणि त्याआधी अर्धा सेकंद घड्याळ, वारा सगळं बंद. सबटायटल ठेव पण त्यात पहिल्यांदा बोलणाऱ्याचं नाव देऊ नकोस, तू तिथे नाव लिहून आधीच सगळं सांगून टाकलंयस.

आता खरी गोष्ट, ती बोलते काय. तुझ्या क्लिपमध्ये ती स्वतःचा इतिहास सांगते, दीड मिनिट. कोण ऐकणार? 2001 च्या लुईजीज मॅन्शन या गेममध्ये भूत स्कॅन केलं की त्याच्या मनातलं कळतं आणि तोच त्याला पकडायचा क्लू असतो, म्हणून प्लेअर शब्द न शब्द वाचतो. तुझ्या म्हातारीलाही प्लेअरबद्दल बोलू दे. कुठलं दार दोनदा उघडून बघितलं, टॉर्च किती वेळ बंद ठेवला, याच्या नोंदी (फ्लॅग) तुझ्या गेममध्ये आहेतच. "ते दार तू दोनदा हलवलंस" एवढंच म्हणू दे आणि गप्प. अशी चार-पाच वाक्यं पुरतात, एकही रिपीट नको, दुसऱ्यांदा तेच ऐकलं की ती रेकॉर्डिंग वाटते.

शेवटी फ्रेम रिकामी करायचा मोह होईल, तो टाळ, खूप जणांनी केलंय ते. म्हातारी तिथेच राहू दे, फक्त डोळे मिटलेले.