थायलंडमध्ये रिटायरमेंट व्हिसावर जुनी कार स्वतःच्या नावावर घेता येते का?

हो, येते. पासपोर्ट-व्हिसाबरोबर इमिग्रेशन ऑफिसातून राहत्या पत्त्याचा दाखला तेवढा आधी काढून ठेवा. खरी गोम आहे निळ्या पुस्तकात, म्हणजे तिथलं आरसी बुक. गाडीवर कर्ज असेल तर ते फायनान्स कंपनीकडे अडकलेलं असतं; मालक नुसती झेरॉक्स दाखवायला लागला की समजून जा. बॉनेट उघडून इंजिन नंबर, मग चासी नंबर पुस्तकाशी ताडून बघा. ‘फॉर्मवर सही करून देतो, नावावर नंतर करून घ्या’ हा प्रकार तिथे चालतो, त्याला ‘ओन लॉय’ म्हणतात. त्या फंदात पडू नका. विक्रेत्याला घेऊनच परिवहन कार्यालयात जा, पैसे तिथेच द्या. गाडी ७ वर्षांहून जुनी असेल तर दरवर्षी टॅक्स भरण्याआधी तपासणी लागते. स्टिअरिंग मात्र आपल्यासारखंच उजवीकडे.