वीस मिनिटांत खरंच सहाशे कॅलरी जळतात काय?

प्रश्न: नमस्कार. दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र हाय, वय ३८, वजन ९४ किलो, उंची साडेपाच फूट. दिवसभर गल्ल्यावर बसूनच असतो. यवतमाळले जिम लावलेला दोस्त म्हणते का हाय इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंग (उठबस, चढउतार, वजन उचलणं असा रोजच्या हालचालींचा जोरदार व्यायाम) कर, वीस मिनिटांत ६०० कॅलरी जळतात, त्याच्या घड्याळात तसं दिसते बी. मले रोज यवतमाळ जमत नाही, घरीच करावं म्हणतो. एवढ्या जळतात काय, अन् माझ्या वजनाले झेपन काय?

उत्तर: भाऊ, घड्याळाचं सोडा, ही घड्याळं नाडी बऱ्यापैकी मोजतात पण कॅलरीत लय चुकतात. साधा हिशोब करा. अशा जोरदार व्यायामात शरीर बसल्यापेक्षा साधारण ८ पट खर्च करतं, अन् बसल्या बसल्या किलोमागे तासाला अंदाजे १ कॅलरी लागते. म्हणजे ९४ किलोला वीस मिनिटांचे २५० च्या आसपास, तेही मधात न थांबता. तुमचा दोस्त सत्तर किलोचा असेल तर त्याचे १८५ च, त्याचे ६०० कुठून आले त्यालाच ठाऊक! व्यायामानंतरही जळत राहते म्हणतात ते खोटं नाही, पण ते थोडंसंच, त्याच्या भरवशावर आलुबोंडा खाऊ नका.

आता किलोभर चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. हप्त्यातून तीनदा २५० जाळल्या तर एका किलोला दहा हप्ते. झपझप पाऊण तास चाललात तरी तीनशेच्या वर जातात, म्हणून वजन उतरवायचं असेल तर आधी ताटाकडं अन् दुकानातल्या साखरेच्या चहाकडं पाहा.

मग हे करायचंच काहून? दम वाढतो, मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात अन् खाणं कमी केलं तरी अंगातली ताकद टिकते, माझ्या मते हेच खरं कारण आहे, कॅलरी नाही.

घरी करायला काही लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ओट्याची पायरी चढउतार, दोन्ही हातांत पाण्याच्या दहा-दहा लिटरच्या कॅन घेऊन अंगणात चालणं. ३० सेकंद जोरात, मग मिनिटभर आराम, सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, एक दिवसाआड. बोलताना दोन-चार शब्दांवर धाप लागली म्हणजे जोर बरोबर. बर्पी (खाली वाकून पाय मागं टाकायचे अन् उठून उडी मारायची) अन् उड्या सध्या नको, उडी मारून खाली येताना गुडघ्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो.

आधी बीपी अन् शुगर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या, छातीत दुखत असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरूच करू नका. एप्रिल-मेमध्ये ऊन निघायच्या आत उरका. अन् व्यायामानंतर अंग भयंकर दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती इलाज नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा, स्नायू फुटून किडनीवर येऊ शकतं.