सर्टिफिकेट मुलीसाठी, की स्थळासाठी?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, साताऱ्यात राहतो. मुलगी २६ वर्षांची आहे, रसायनशास्त्रात एम.एस्सी. आणि बी.एड. तीन वर्षं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते, पगार तुटपुंजा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाचं स्थळ आलं आहे. तिथल्या विद्यापीठाचं 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन अँड लर्निंग टेक्नॉलॉजी'चं, म्हणजे ऑनलाइन धडे आणि प्रशिक्षण यांची आखणी शिकवणारं, पदवीनंतरचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट घरबसल्या ऑनलाइन करता येतं, असं समजलं. शाळा सोडून लग्नाआधी ते उरकलं की तिकडे गेल्या गेल्या नोकरी लागेल, असं आम्ही ठरवलं आहे. मुलगी मात्र शाळा सोडायला तयार नाही. रात्री जागून वर्गासाठी कसले कसले व्हिडिओ करत बसते. तिला कसं समजवावं? आणि कोणतं विद्यापीठ निवडावं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मुलाचा व्हिसा आहे, लग्नाची घाई आहे, कोर्सही आहे. मुलीचं म्हणणं मात्र कुठे सापडलं नाही. ती शाळा सोडत नाही, एवढंच कळतं आणि तेही तक्रारीच्या सुरात. दोन पदव्या घेतलेली, स्वतः कमावणारी मुलगी आहे ती. 'आम्ही ठरवलं' यातल्या 'आम्ही'त ती आहे का?

आणि ते 'कसले कसले व्हिडिओ'! अहो, ज्या विषयाच्या सर्टिफिकेटसाठी तुम्ही लाखो रुपये मोजायला निघालात, त्याच विषयाची धडपड ती कुणी न सांगता, पदरचा वेळ घालून करते आहे. एकदा तिच्या शेजारी बसून त्यातला एक व्हिडिओ बघा. मुलांना कुठे अडतं आणि त्यावर तिने काय युक्ती केली, ते तिला विचारा. मला पत्र लिहिण्याआधी हे व्हायला हवं होतं.

आता तुमचा गैरसमज, कारण सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. लग्न झालं तर ती बहुधा एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याची पत्नी म्हणून जाईल. या व्हिसावर शिकता येतं, पण कामाचा वेगळा परवाना हातात नसेल तर नोकरी करता येत नाही. २०१५पासून काही एच-४ जोडीदारांना असा परवाना मिळू लागला, त्याला ईएडी म्हणतात. त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्याची एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेली असावी लागते. बायकोकडे कुठलं सर्टिफिकेट आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. संपूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. थोडक्यात, सर्टिफिकेटच्या सगळ्या विषयांत अव्वल गुण मिळवूनही ती तिथे वर्षानुवर्षं घरी बसू शकते. मुलाचा पगार तुम्ही विचारलाच असेल. आय-१४० मंजूर आहे का, हेही विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं काम कसं असतं, ते तुमच्याच बँकेच्या उदाहरणाने सांगतो. नव्या कर्मचाऱ्यांच्या हातून केवायसीत चुका होतात, म्हणून वरिष्ठांना प्रशिक्षण हवं असतं. चांगला डिझायनर आधी शाखेत जाऊन बघतो की चुका माहिती नसल्यामुळे होतात की काउंटरवरच्या गर्दीमुळे. गर्दीमुळे होत असतील तर कोर्सने काही साधणार नाही, हे साहेबांच्या तोंडावर सांगायची धमक त्याच्यात लागते. मग शिकणाऱ्याने शेवटी नेमकं काय करून दाखवायचं ते ठरतं, विषयतज्ज्ञाशी बोलणं होतं, स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यावर काय आणि केव्हा दिसेल याचा आराखडा, लिहिला जातो आणि व्हिडिओ, प्रश्न, सराव हे त्यानंतर येतं. नोकरीत असताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत संपवलेले ऑनलाइन कोर्स तुम्हाला आठवत असतील. तिथे हे आधीचं काम कुणी केलेलं नसतं. या क्षेत्रात ज्याला 'अ‍ॅडी' म्हणतात तो विश्लेषणापासून मूल्यमापनापर्यंतचा पाच टप्प्यांचा आराखडा १९७५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्कराच्या प्रशिक्षणासाठी तयार झाला. तुमच्या मुलीला त्यात फार काही परकं वाटणार नाही. शिकण्याच्या उद्दिष्टांचं ब्लूमचं वर्गीकरण, पाठ टाचण, प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता हे सगळं तिने बी.एड.ला घोटलेलं असणार. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट ही ऑनलाइन धडे बनवायची सॉफ्टवेअरं सरावाने हाताशी येतात. शिवाय नुसत्या मजकुराच्या स्लाइड करून त्यावर आवाज चढवण्याचं काम आता एआय करू लागलं आहे, त्यामुळे तेवढंच येणाऱ्याला यापुढे कोण विचारणार?

कोर्स वाईट नाही. अमेरिकेत असं सर्टिफिकेट साधारण १२ ते १८ क्रेडिटचं, म्हणजे चार ते सहा विषयांचं असतं. मास्टर्स ३० ते ३६ क्रेडिटची. पुष्कळ विद्यापीठं हे क्रेडिट पुढे आपल्याच मास्टर्समध्ये धरतात, मात्र ते आधी लेखी विचारून घ्यावं. क्रेडिटला ५०० डॉलर धरले तरी १५ क्रेडिटचे साडेसात हजार डॉलर होतात, म्हणजे सहा लाखांच्या वर. नोकरीत राहून, कामाची दिशा बदलण्यासाठी स्वतः निवडलेल्या माणसाला तो खर्च परवडतो. लग्नाच्या बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून कुणालाच परवडत नाही.

विद्यापीठाचं नाव मी आज सुचवणार नाही. आधी तिला हे क्षेत्र हवं आहे का, ते तिच्याकडून कळू द्या. वर्गच आवडत असेल तर टीईटी-टेट या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षांची वाट तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. डिझाइनकडे ओढा असेल तर शाळा न सोडता सुरुवात होते. मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. दहावीतला एखादा धडा, समजा रासायनिक समीकरणांचं संतुलन, तिने त्यावर नीट रचावा, चार मुलांना करायला द्यावा, कुठे अडतात ते पाहून बदलावा आणि का बदलला ते लिहून ठेवावं. मुलाखतीत असलं काम दाखवता येतं आणि पुण्या-मुंबईत प्रशिक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपन्या आहेत. रीतसर शिकायचं तर जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधनाची आवड निघाली तर आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. करता येते.

एवढं करूनही तिला अमेरिकेचंच सर्टिफिकेट हवंसं वाटलं तर खुशाल करू द्या. तेव्हा तिनेच मला लिहावं. या ऑगस्टची तुकडी हुकली तर बहुतेक ठिकाणी जानेवारीत पुन्हा प्रवेश असतात.